मेटल डिटेक्टरचा आकडा वाचताना या चुका टाळा

पडद्यावर ८० आला म्हणजे चांदी, ३० आला म्हणजे कचरा, असा हिशेब नवा डिटेक्टर हातात आला की लगेच डोक्यात बसतो. चुकांची सुरुवात तिथूनच होते.

आकडा धातूचं नाव सांगत नाही. कॉइलच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या चकतीच्या, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पुरलेल्या वस्तूत प्रवाह फिरू लागतात. त्यांचा प्रतिसाद किती उशिरा परततो ते मशीन मोजतं आणि त्यावरून आकडा दाखवतं. हा उशीर धातूइतकाच वस्तूच्या जाडीवर, आकारावर आणि ती अखंड आहे की नाही यावर ठरतो. म्हणून पातळ सोन्याची अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा ॲल्युमिनियमचा पत्रा जवळपास एकच आकडा देऊ शकतात. 'कचरा' म्हणून खालचे आकडे बंद केलेत, तर अंगठीही गेली.

दागिने शोधताना तर हे फारच नडतं. हुपरीचं चांदीचं अखंड कडं वरचा आकडा देईल, पण तेच कडं तुटलं किंवा त्याचा जोड सुटला की आकडा बराच खाली येतो. साखळी, पैंजण आणि कोल्हापुरी साज यांत मशीनला पूर्ण दागिना दिसत नाही, सुटी कडी किंवा सुटा मणी दिसतो. हरवलेल्या साजासाठी वरच्या आकड्याची वाट बघत बसू नका. तसाच दुसरा दागिना घरात असेल तर तो आधी जमिनीवर ठेवा, कॉइल १० सेंटीमीटर वरून फिरवा, आकडा लिहून घ्या. मॉडेलनुसार आकड्यांची पट्टी बदलते. काहींची ० ते ९९ असते, काहींची उणे ९ ते ४०. दुसऱ्याच्या मशीनचा तक्ता तुमच्या कामाचा नाही.

लोखंड चांदीचं सोंग घेतं. वॉशर, बैलाची पत्री, नांगराचा तुकडा, सोडाबाटलीचं टोपण अशा चपट्या किंवा भोक असलेल्या लोखंडी वस्तू वरचा आकडा दाखवतात. खोल गेलेला खिळाही कधी पट्टीच्या थेट टोकाला उडी मारतो. अशा वेळी ९० अंश वळून त्याच जागेवरून पुन्हा फिरवा. दोन्ही दिशांनी आकडा दोन-तीन घरांतच राहिला तर उकरा. उड्या मारत असेल तर डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते आकडे बंद ठेवण्याची सोय, काढून सगळे धातू चालू करा. कडेला लोखंडाचा जाड, घोगरा आवाज आला की समजून जा. उलट १९९२ पासूनचं स्टेनलेस स्टीलचं एक रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटतं, त्यामुळे लोखंड बंद ठेवलं तर तेही निसटू शकतं.

जमिनीकडे दुर्लक्ष. पन्हाळा, जोतिबाच्या बाजूची लाल जांभी माती आणि खालची काळी माती सारखी वागत नाहीत, कारण दोन्हींतलं लोहखनिज वेगळं असतं. जागा बदलली की धातू नसलेल्या ठिकाणी कॉइल ३ ते २० सेंटीमीटर वरखाली हलवून ग्राउंड बॅलन्स पुन्हा करा, म्हणजे मशीनला त्या मातीशी जुळवून घ्या. शिरोळकडच्या क्षारपड, ओल्या रानात खारट पाणीच प्रतिसाद देतं आणि खालचे आकडे उगाच चमकतात. तिथे संवेदनशीलता कमी करणं किंवा रान वाळेपर्यंत थांबणं, एवढंच हातात आहे.

कॉइल जमिनीवर स्थिर धरली तरी आकडे नाचत असतील तर दोष बहुधा विजेचा. मोटरपंपाची केबल, डीपी, खिशातला मोबाइल हे नेहमीचे कारणीभूत. आधी मोबाइल बंद करा, मग मशीनची फ्रिक्वेन्सी किंवा चॅनेल बदलून बघा, तरीही थांबत नसेल तर संवेदनशीलता दोन घरं उतरवा. कॉइलची वायर दांड्याला सैल गुंडाळलेली असली तरी असाच गोंधळ होतो.

खोलीच्या आकड्यावरही फार विसंबू नका. तो नाण्याएवढी वस्तू गृहीत धरून काढलेला असतो. म्हणून खोलवरचा पाइप उथळ दिसतो आणि बारीकसा मणी आहे त्यापेक्षा खोल.

पन्हाळ्यासारख्या संरक्षित ठिकाणी परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या रानातही १० रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

वस्तू निघाल्यावर लगेच खड्डा बुजवू नका. एका खिळ्याशेजारी दुसरी वस्तू असेल तर दोघांचा मिळून भलताच आकडा येतो, आणि खिळा काढल्यावरच खालच्या वस्तूचा खरा आकडा दिसतो. खड्डा आणि काढलेली माती, दोन्हींवरून कॉइल पुन्हा फिरवा.