ग्रँटसाठी पहिलं पत्र कसं लिहायचं (ते वर्गणीचं पत्रक नव्हे)

ट्रस्टची नोंदणी, पॅन, १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) हे सगळं तयार आहे असं धरतो. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च, आणि सीएसआर-१ हा त्यासाठी संस्थेने भरायचा नोंदणीचा फॉर्म. तो राहिला असेल तर आधी भरा, १ एप्रिल २०२१ पासून त्या नोंदणीशिवाय कंपन्या संस्थांना सीएसआरचं काम देऊ शकत नाहीत.

कंपनी जवळची शोधा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्येच स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हटलंय, मग खेड-चिपळूणवाल्यांनी मुंबईकडे बघण्याआधी लोटे एमआयडीसीत चौकशी करायला नको का?

पत्र दोन पानांत संपवा.

आता मागणीचा परिच्छेद, इथेच सगळे अडकतात. आमच्या वाडीच्या विहिरीसाठी लिहिलेल्या पहिल्या पत्रात मी अर्धं पान कोकणच्या निसर्गावर घालवलं आणि शेवटी लिहिलं, 'यथाशक्ती सहकार्य करावे'. त्या कंपनीतून फोन आला, 'नेमके किती हवेत?' मी म्हटलं, तुम्हीच ठरवा साहेब. परत फोन आला नाही आणि वाडीतल्या बायकांनी आणखी एक उन्हाळा डोक्यावरून पाणी वाहिलं, ते मला अजून लागतं. यथाशक्ती हा शब्द पालखीच्या पावतीपुस्तकात ठेवा, इथे आकडा लागतो, आणि तो पहिल्याच परिच्छेदात.

पुढच्या पत्राची सुरुवात अशी केली: 'आमच्या ७० उंबऱ्यांच्या वाडीत एप्रिल उजाडला की विहिरीत कळशी बुडत नाही. गाळ काढून विहीर खोल करणे आणि कठडा बांधणे, एकूण खर्च ६ लाख ४० हजार. वाडीची वर्गणी आणि श्रमदान धरून १ लाख ५ हजार आमचे, आपल्याकडून ५ लाख ३५ हजार हवेत.' एवढंच. इथे पाऊस धो-धो पडतो तरी जांभ्याच्या खडकातून पाणी झिरपून जातं, हे एका ओळीत सांगा, नाहीतर बाहेरच्या माणसाला कोकणात टंचाई पटतच नाही. आणि आकडा वाढवून मागा, ते कापतातच, असा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, पुढे कोटेशन मागतात तेव्हा खोटेपणा उघडा पडतो.

पाठवल्यावर पंधरा दिवसांनी फोन करा.

विहिरीचं काम मेमध्येच व्हायला हवं, पाऊस लागला की आत उतरता येत नाही, आणि मंजुरीला महिने जातात. म्हणून गणपतीत चाकरमानी घरी असतानाच वाडीची बैठक घ्या, वर्गणीचा आकडा आणि सह्या तिथेच घ्या आणि विसर्जन झालं की त्याच आठवड्यात पत्र पाठवा.