ऊसतोडीचा हंगाम आणि फडातील बिबट्याची पिल्ले: शेतकरी, मुकादम आणि गावासाठी सल्ला

दिवाळी सरली आणि कारखान्यांची धुराडी पेटली की जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या पुणे जिल्ह्यातील चार तालुक्यांत आणि शेजारच्या अकोले, संगमनेर भागात तोडीबरोबर एक बातमी हमखास येऊ लागते: अमुक गावच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी शिवारात खेळू लागल्यावर जिरायती बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. बारा ते अठरा महिने जागचे न हलणारे, आतून गार आणि माणसांची फारशी ये-जा नसलेले हे पीक बिबट्याच्या मादीला पिल्ले घालायला जंगलाइतकेच सोयीचे ठरले. बिबट्याची वीण वर्षभर चालते, तरी पिल्ले सापडतात ती मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, कारण त्याच काळात त्यांच्या डोक्यावरचे छप्पर आपण कोयत्याने काढून घेत असतो.

पिल्ले दिसल्यानंतरचा पहिला तास नीट सांभाळला तर मादी बहुधा त्याच रात्री पिल्ले घेऊन निघून जाते. तो तास बिघडला तर पिल्लांना शोधणारी, बिथरलेली मादी आठवडाभर त्याच बांधावर फिरत राहते, आणि तिथेच पुढच्या वावरात तोडकरी कामाला वाकलेले असतात. पिल्लांची काळजी घेणे आणि आपल्या माणसांची काळजी घेणे ही दोन वेगळी कामे नाहीत, असे आमचे मत आहे.

टोळी फडात उतरण्यापूर्वी

कारखान्याकडून तोड आल्याचा निरोप मिळाला की शेतकऱ्याने आदल्या संध्याकाळी फडाला एक फेरी मारावी. सरीत, पाटाच्या ओल्या कडेला किंवा बांधावरच्या फुफाट्यात ठसे उमटले आहेत का, हे पाहावे. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात, तर बिबट्या नखे आत ओढून चालत असल्याने त्याच्या ठशात त्या सहसा दिसत नाहीत. ठसे किंवा अर्धवट खाल्लेले कुत्रे, शेळी असे काही आढळल्यास ते टोळीच्या प्रमुखाला, म्हणजे मुकादमाला, आणि आपल्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाला तेव्हाच सांगावे. ही गोष्ट टोळीपासून लपवण्याची चूक काही जण करतात, कारण टोळी घाबरून दुसऱ्याच्या फडात जाईल अशी त्यांना भीती असते. ती भीती खोटी नाही, पण ज्या माणसांना आपण आत पाठवणार आहोत त्यांना अंधारात ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

टोळीतील बहुतेक कुटुंबे बीड, अहिल्यानगर, जळगाव यांसारख्या जिल्ह्यांतून आलेली असतात आणि त्यांतल्या अनेकांनी बिबट्या फक्त मोबाइलवर पाहिलेला असतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी पोलीस पाटील किंवा वनरक्षक यांनी कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, जाऊन अर्धा तास बोलणे फार उपयोगी पडते. वन विभागाचा 1926 हा मदत क्रमांक आणि वनरक्षकाचा मोबाइल क्रमांक मुकादम आणि कारखान्याचा चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कर्मचारी) अशा दोघांच्या फोनमध्ये असावा. कोप्या उभ्या उसाला खेटून नकोत. त्या मोकळ्या जागी, एकमेकींना लागून आणि रात्रभर उजेड राहील अशा ठिकाणी बांधाव्यात, आणि त्या उजेडाची सोय शेतकऱ्याने आपल्या मोटारीच्या जोडणीवरून करून द्यावी. लहान मुलांना बांधावर पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पाल्याच्या) सावलीत झोपवून आई-बाप आत तोडायला जातात, ही पद्धत सर्वांत धोक्याची आहे. निदान एक जाणते माणूस मुलांजवळ कायम बसलेले असावे. बसलेले, वाकलेले किंवा लहान चणीचे माणूस बिबट्याला उभ्या माणसासारखे दिसत नाही. म्हणूनच पहाटे आणि सांजवेळी शौचाला जाताना दोघांनी, हातात बॅटरी घेऊन आणि बोलत जावे.

तोड कोणत्या बाजूने सुरू करायची, यालाही महत्त्व आहे. ओढा, शेजारचा उभा ऊस किंवा गवताळ पड ज्या अंगाला असेल ती बाजू शेवटी राखावी आणि रस्त्याच्या किंवा वस्तीच्या बाजूने आत जावे, म्हणजे जनावराला निघून जायला वाट उरते. चारही बाजूंनी तोडत मधे बेट ठेवले की आत अडकलेले जनावर शेवटच्या चार-सहा ओळींत माणसांवरून उडी घेऊनच बाहेर पडते. यंत्राने तोड होणार असेल तर चालकाला खाली काही दिसत नाही, हे गृहीत धरावे. यंत्र लावण्याआधी डबा वाजवत फडाच्या कडेने एक फेरा करावा आणि शेवटचा पट्टा सावकाश घ्यावा.

तोड सोपी व्हावी म्हणून उभा ऊस पेटवून देण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. आठ-दहा दिवसांच्या पिल्लांचे डोळेही नीट उघडलेले नसतात, त्यामुळे ती अशा आगीत जागीच मरतात. तोडीनंतर पाचट पेटवणे हाही शेतकऱ्याचा तोटाच आहे. एका हेक्टरमधून साधारण 8 ते 10 टन पाचट निघते. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) ठेवणार असाल तर ते सरीत पसरून त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. सेंद्रिय कर्ब वाढतो, पाण्याच्या पाळ्या वाचतात आणि पाचटात दडलेला ससा, धामण किंवा मांजराचे पिल्लू जळत नाही.

पिल्ले सापडली तर

कोयता थांबवावा, आल्या वाटेने सर्वांनी मागे यावे आणि लगेच वनरक्षकाला कळवावे. मादी बहुधा शंभर-दोनशे पावलांवर शेजारच्या उसातच बसलेली असते आणि माणसांचा गलबला तिला ऐकू येत असतो. पिल्ले जिथे दिसली त्या नेमक्या जागी, सरीच्या तोंडाशी, एक कांडे उभे खोचून त्याला रंगीत फडके बांधावे. संध्याकाळी वन विभागाचे पथक पिल्ले परत ठेवते ती याच जागी. मादी पिल्लांना शोधत प्रथम तिथेच येते, त्यामुळे वीस-पंचवीस पावलांचा फरकही अडचणीचा ठरू शकतो. त्या जागेच्या भोवतालची उसाची थोडी पट्टी त्या दिवशी तोडू नये. गाडी अर्धी भरली असेल तर फडाच्या लांबच्या टोकाला तोड चालू ठेवता येते. एका दिवसाची खोटी होते हे खरे, पण ती सोसावी.

पिल्लाला हात लावू नये, दूध पाजू नये, मांडीवर घेऊन फोटो काढू नये. गाईचे दूध त्याला मानवत नाही आणि घाईने पाजलेले दूध श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावू शकते. बिबट्या हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्याने पिल्लू घरी नेणे हा गंभीर गुन्हा आहे. चांगल्या हेतूने नेले, हे त्यावर उत्तर होत नाही. ऊन फार असेल आणि वन कर्मचारी यायला उशीर असेल तर पाचटाची सावली करावी आणि दुरून राखण ठेवावी. गावातून बघ्यांच्या मोटारसायकली सुटतात, त्यांना रस्त्यावरच अडवण्याचे काम सरपंच आणि तरुण मंडळांनी अंगावर घ्यावे. ज्या गावांनी हे केले आहे त्यांचा अनुभव असा आहे की बिबट्यापेक्षा गर्दी आवरणे अवघड असते.

सापडलेले प्रत्येक ठिपकेदार पिल्लू बिबट्याचेच असते असे नाही. वाघाटी नावाची रानमांजर याच उसात विते. तिचे पिल्लू तळहातावर मावेल एवढे असते आणि पूर्ण वाढलेली वाघाटीही घरच्या मांजरापेक्षा लहानच भरते, कारण ती जगातील सर्वांत लहान मांजरवर्गीयांपैकी एक आहे. बाऊल म्हणजे मोठ्या रानमांजराची पिल्लेही सापडतात. तिघांच्याही बाबतीत करायचे ते हेच, त्यामुळे ओळख पटवण्याच्या वादात वेळ दवडू नये.

ती रात्र

वन विभागाचे पथक आले की पशुवैद्यक पिल्ले तपासतात, अंगावरचे गोचीड काढतात, नर की मादी ते पाहतात. दिवस मावळण्याच्या सुमारास पिल्ले एका क्रेटमध्ये, बहुधा आपण टोमॅटो भरतो तशाच प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, फडके बांधलेल्या त्या कांड्याजवळ ठेवली जातात. वरून हलके झाकण असते, कुत्र्या-कोल्ह्याला न उघडणारे आणि मादीला मात्र पंजाने सहज लोटता येणारे. समोर एक कॅमेरा लावून सर्वजण निघून जातात. या कॅमेऱ्यांत अनेकदा दिसते ते असे: मादी आधी क्रेटला दुरून वळसा घालते, बसते, पुन्हा उठते, मग पंजाने झाकण पाडते, एका पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचलते आणि दिसेनाशी होते. काही वेळाने ती दुसऱ्यासाठी परत येते. पिल्ले दोन किंवा तीन असतील तर तिला तितक्याच फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून पहिले पिल्लू गेल्याबरोबर बॅटऱ्या घेऊन पाहायला धावू नये.

त्या रात्री शेतकऱ्याने करायचे ते इतकेच की त्या अंगाची मोटार चालू करू नये, पाणी धरायला जाऊ नये, कुत्री बांधून ठेवावीत आणि फटाके वाजवू नयेत. पहिल्या रात्री मादी आली नाही तर पथक पुढच्या रात्री पुन्हा प्रयत्न करते. प्रयत्न करूनही ती आलीच नाही तर पिल्लांना जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारण केंद्रात न्यावे लागते. तिथे त्यांची निगा उत्तम राखली जाते, पण आईविना वाढलेले पिल्लू पुन्हा शिवारात सोडणे फार कठीण असते आणि पुष्कळदा त्याचा जन्म पिंजऱ्यातच जातो.

‘पिंजरा लावा’ या मागणीविषयी

मादी दिसली म्हणून ती पकडून दूर सोडा, अशी मागणी ग्रामसभेत होते आणि ती समजण्यासारखी आहे. या मार्गाचा अनुभव मात्र याच तालुक्यांनी घेतलेला आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर परिसरातून मोठ्या संख्येने बिबटे पकडून इतरत्र सोडण्यात आले आणि त्याच काळात माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घडामोडींचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने मानव-बिबट संघर्षाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. रिकाम्या झालेल्या क्षेत्रात दुसरा बिबट्या येऊन बसतो आणि सोडलेले जनावर तिथे राहीलच असे नसते. 2009 मध्ये विहिरीतून काढून, गळ्यात कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला होता.

तथापि माणसावर हल्ला करणारा बिबट्या आणि पिल्ले सांभाळणारी मादी यांना एका मापाने मोजता येणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांच्या अंतराने तिघांचे जीव गेले, त्यांत दोन लेकरे होती. त्या गावांना सहजीवनाचे पाठ देण्याचा उद्धटपणा कोणी करू नये. हल्ला झाल्यास त्या जनावराचा बंदोबस्त तातडीने मागण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे. हा सल्ला आहे तो अशी वेळ येण्याआधी हातात असलेल्या गोष्टींपुरता.

ऊस गेल्यानंतर

फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवार उघडे पडते आणि बिबटे उरलेल्या आडोशांकडे सरकतात: हत्तीगवत, मका, फळबाग, ओढ्याकाठची झुडपे आणि घरामागचा उकिरडा. अकोले तालुक्यातील विष्ठेच्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सर्वाधिक, सुमारे 39 टक्के, वाटा कुत्र्यांचा निघाला होता. म्हणून पोल्ट्रीतील मेलेल्या कोंबड्या आणि ढाब्यांचे उष्टे ओढ्यात फेकणे म्हणजे आधी कुत्री आणि मागोमाग बिबट्या वस्तीशी आणणे होय. मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. शेळ्यांचा गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद असावा. बिबट्या भिंत चढून पत्र्याच्या फटीतून उतरतो, त्यामुळे वर उघडा असलेला गोठा बंद गोठ्यात धरता येत नाही. जनावर मारले गेल्यास ते जागचे हलवू नये, त्याच दिवशी, आणि फार तर 48 तासांच्या आत, वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा. हलवलेल्या जनावराची भरपाई अडकते. रानडुकरासाठी कुंपणात वीज सोडणे आणि तारेचे फास लावणे पूर्णपणे बंद करावे, कारण त्यात बिबट्याइतकेच शेजारचा शेतकरीही मरतो.

पाण्याच्या पाळीचा प्रश्न मात्र गावाच्या हातात पूर्ण नाही. रात्रीची वीज मिळाली की रात्रीच पाणी धरावे लागते. अशा वेळी एकट्याने न जाता शेजारी-शेजारी पाळी जुळवून घ्यावी, सरीत खाली बसून बारे मोडू नये (पाण्याची वाट बदलू नये), उभ्याने लांब दांड्याचे फावडे वापरावे आणि मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून ठेवावीत.

उन्हाळ्याच्या तोंडावर कठडा नसलेल्या विहिरींत बिबटे पडतात, अनेकदा मांजर किंवा कुत्र्याच्या मागे धावताना. असा बिबट्या तासन् तास पोहून थकलेला असतो. पथक येईपर्यंत एक बाज चारही पायांना दोर बांधून पाण्याच्या पातळीला सोडावी, म्हणजे तो तिच्यावर चढून बसतो, आणि दोर झाडाला बांधून सर्वांनी विहिरीच्या काठापासून लांब व्हावे. शिडी किंवा जाड लाकूड वरपर्यंत टेकवू नये, कारण तो वर आला तर समोर माणसेच असतील. कठडा बांधणे त्या दिवशी शक्य नसते. ते काम तोड संपल्यावर, खोडव्याला पहिले पाणी देऊन झाले की करून घ्यावे, आणि तोवर विहिरीवर बाभळीच्या फेसाट्या (काटेरी फांद्या) नाहीतर जुनी जाळी तरी टाकून ठेवावी.