पैसा मशीनवर, काम पात्यावर : घरच्या वर्कशॉपमधल्या या चुका टाळा

घरी छोटं वर्कशॉप मांडायचं ठरलं की पहिली खरेदी बहुतेक ठिकाणी सारखीच होते: एक ड्रिल मशीन आणि सोबत शंभर-सव्वाशे नगांची पेटी. पेटी उघडली की खूप काही मिळाल्यासारखं वाटतं. सहा महिन्यांनी तीच पेटी पुन्हा उघडून बघा. ३ आणि ४ मिमीचे बिट बोथट झालेले किंवा मोडलेले असतात, स्क्रू फिरवायचं पीएच-२ (फुलीच्या खाचेचं) टोक गोल झालेलं असतं, १० नंबरचं सॉकेट हरवलेलं असतं. बाकीचे नव्वद नग प्लास्टिकच्या खाचेत जसेच्या तसे. रोज लागणाऱ्या आठ-दहा वस्तू चांगल्या प्रतीच्या हव्या होत्या, त्याच सगळ्यात हलक्या निघाल्या.

मशीन कितीही भारी घेतलं तरी लाकडाला किंवा लोखंडाला टेकतो तो बिट, ते पातं, ती धार. म्हणून मशीनला जेवढे पैसे घालाल तेवढेच बिट, पाती, क्लॅम्प आणि धारेच्या दगडासाठी बाजूला काढा. सुरुवातीला एवढं पुरतं: १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारं तोंड), वेग कमीजास्त होणारं आणि उलटं फिरणारं ड्रिल, ३, ४, ५, ६, ८ आणि १० मिमीचे एचएसएस (हाय स्पीड स्टीलचे) बिट, त्यातले ३ आणि ४ चे दोन-दोन, भिंतीसाठी ६ आणि ८ चे बिट, सहा इंची दोन सी-क्लॅम्प, ३०० मिमीची स्टीलची पट्टी, गुण्या (काटकोन तपासायला), हॅकसॉ (लोखंड कापायची करवत), १२ आणि २५ मिमीच्या दोन पटाश्या. हे सगळं सुटं घ्या. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे बिट एकेक विकत मिळतो, हातात घेऊन बघता येतो. पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर नामांकित कंपनीचेच घ्या आणि बिल मागून घ्या.

बिट जळतो आणि बोल मशीनला लागतो

ही चूक इतक्या घरांत होते की तिच्यावर सविस्तर लिहायलाच हवं. बाल्कनीच्या स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगला कुंडीचा स्टँड बसवायचा असतो. ८ मिमीचं भोक हवं. पेटीतला ८ चा बिट लावला, चकची चावी एकाच भोकात घालून आवळली, ट्रिगर पूर्ण दाबला. बिट पाइपवरून घसरला आणि पॉलिशवर लांब ओरखडा उठला. पुन्हा टेकवला. आता तो एका जागी थांबला, पण किस, म्हणजे धातूची कातरण, निघत नाही, नुसती किंचाळी येते. घाबरून दाब कमी केला. धूर निघाला, बिटाचं टोक निळं पडलं. दुसरा बिट लावला, त्याचंही तेच झालं. भोकाच्या जागी आरशासारखा चकाकणारा खळगा उरला. दुकानात तक्रार गेली की मशीनला ताकद नाही.

मशीनला पुरेशी ताकद होती. स्टेनलेस स्टील घासलं गेलं की त्याचा पृष्ठभाग तिथल्या तिथे कडक होत जातो. बिट कापत असेल तर तो कडक थर किसाबरोबर निघून जातो. बिट नुसता घासत असेल तर प्रत्येक फेऱ्याला थर आणखी कडक होतो आणि शेवटी बिटच हरतो. वेग जास्त आणि दाब कमी, हे स्टेनलेस स्टीलसाठी सगळ्यात वाईट जुळणं. नवखा माणूस भीतीपोटी नेमकं तेच करतो.

वेगाचा हिशोब करणं अवघड नाही. साध्या लोखंडात एचएसएस बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास ठेवतात. म्हणजे ३ मिमीच्या बिटाला मिनिटाला सुमारे २६०० फेरे, ६ ला १३००, १० ला ८००. स्टेनलेस स्टीलला याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. घरगुती ड्रिल पूर्ण दाबलं की २६०० ते ३००० फेरे देतं. ते ३ मिमीच्या बिटाला साध्या लोखंडात ठीक आहे, ८ मिमीच्या बिटाला स्टेनलेसमध्ये पाचपट जास्त आहे. बिटाची बाहेरची कोपरी सगळ्यात वेगानं फिरते, म्हणून आधी तीच जळते. बोथट बिट भिंगाखाली धरला तर मधलं टोक शाबूत आणि दोन्ही कोपरी गोल झालेली दिसतात.

आता नीट क्रम. सेंटर पंचनं ठसा पाडा. पाइपची भिंत पातळ असते, तेव्हा ठोका हलका हवा. काम क्लॅम्पनं घट्ट बांधा. आधी ३ मिमीचं भोक पाडा. हे का, तर मोठ्या बिटाच्या टोकाला मधोमध जी आडवी कड असते ती कापत नाही, धातूला नुसती रेटत असते. लहान भोक असलं की त्या कडेचं काम उरत नाही. मग थेट ८ चा बिट. मधले ४, ५, ६ असे टप्पे घेत बसू नका, त्यात प्रत्येक बिटाची कोपरीच खाल्ली जाते. तेलाचे चार थेंब टाका, ट्रिगर जेमतेम चौथाई दाबा आणि अंगाचा भार द्या. किस सलग निघत राहिला पाहिजे. तो थांबला की त्या क्षणी हात थांबवा, फिरत्या बिटानं घासत राहू नका. बिट पलीकडे निघायला आला की दाब सोडा, नाहीतर पातळ पत्र्यात तो अडकतो आणि मशीन मनगट पिरगाळतं. सावकाश फिरवलेलं मशीन तापतं, कारण त्याचा पंखाही सावकाश फिरतो. दोन भोकांनंतर ते मोकळं, पूर्ण वेगानं मिनिटभर चालवा. खळगा आधीच कडक झाला असेल तर ५ टक्के कोबाल्टचा बिट आणा आणि याच रीतीनं वापरा. आणि चक आवळताना चावी तिन्ही भोकांत फिरवा. एकाच भोकात आवळलेला बिट सैल राहतो आणि घसरून त्याच्या दांड्यावर चरे पडतात.

हॅमरचा, म्हणजे फिरत्या बिटाला ठोकेही देणारा, खटका हे याच चुकीचं भावंड. हॅमर फक्त विटेच्या आणि काँक्रीटच्या भिंतीसाठी. लोखंड, लाकूड, टाइल आणि सिपोरेक्सचे हलके ब्लॉक यांना तो बंद हवा. टाइलला हॅमर लावला तर तडा ठरलेला. ब्लॉकला लावला तर ८ च्या गिट्टीचं (स्क्रू धरायला भिंतीत घालतात त्या प्लास्टिकच्या खुंटीचं) भोक १० चं होतं आणि गिट्टी फिरत राहते. कॉलम किंवा बीममध्ये साध्या इम्पॅक्ट ड्रिलनं झगडू नका, बिट लाल होईल. तिथे एसडीएस दांड्याचं (खाचा असलेल्या दांड्याचे बिट घेणारं) रोटरी हॅमर भाड्यानं आणा. गिट्टीचं भोक तिच्या लांबीपेक्षा ५ ते १० मिमी खोल घ्या आणि आतली भुकटी फुंकून काढा, पण तोंडानं फुंकू नका, छोटा पंप वापरा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली कधीही भोक पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो.

ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं

दुसरी चूक बिटावर भागत नाही, बोटांवर येते. चार इंची अँगल ग्राइंडर जवळपास प्रत्येक हौशी माणसाकडे असतो. प्लाय कापायचा असतो, सर्क्युलर सॉ महाग वाटते, म्हणून मार्बल कटरसाठी मिळणारं ११० मिमीचं दातेरी पातं आणून ग्राइंडरला लावतात. इथून एकेक गोष्ट बिघडत जाते. त्या पात्याचं भोक २० मिमीचं आणि ग्राइंडरचा खांदा १६ मिमीचा, त्यामुळे पातं मध्यावर बसत नाही. पातं १०० मिमीच्या गार्डमध्ये मावत नाही, म्हणून गार्ड काढतात. बाजूचा दांडा आड येतो, म्हणून तोही काढतात. सरकता स्विच पुढे ढकलून अडकवलेला असतो, तो आपोआप बंद होत नाही.

आता पात्याचं वागणं बघा. सर्क्युलर सॉला खाली सपाट बूट, म्हणजे तळाचा पत्रा, असतो, तो लाकडावर टेकतो आणि पातं सरळ रेषेत ठेवतो. ग्राइंडर हवेत, हाताच्या भरवशावर असतो. १०० मिमीची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, तेव्हा तिची कड ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगानं धावते. कापाच्या फटीत हात दोन अंश जरी वळला तरी पातं दोन्ही बाजूंनी चिमटलं जातं. धातू कापायची चकती अशा वेळी बहुधा घासते, पण तीही उसळू किंवा तुटू शकते. दाता मात्र लाकडात रुततो, आणि रुतलेल्या दात्यावर अख्खं मशीन उसळतं, मांडीकडे, पोटाकडे किंवा मशीन धरलेल्या हाताकडे. हातातून सुटल्यावरही ते फिरतच असतं.

यावर सुरक्षित युक्ती शोधू नका, हे काम ग्राइंडरवर करूच नका. मार्बल कटर उलटा करून प्लायखाली बसवलेला घरगुती टेबल सॉ याच पंगतीतला. पात्याच्या मागे फट उघडी ठेवणारी पट्टी नाही, वर झाकण नाही, थांबवायचा स्विच टेबलाखाली. मोठा प्लाय दुकानातूनच मापात कापून आणा, पुष्कळ ठिकाणी ही सोय असते. घरी वळणदार कापाला जिगसॉ, सरळ कापाला सर्क्युलर सॉ. आणि चांगल्या हातकरवतीनं, क्लॅम्प केलेल्या पट्टीच्या आधारानं १२ मिमीचा प्लाय किती नीट कापला जातो हे एकदा करून बघा. घाई हाच आजार असेल तर मशीननं तो वाढतो.

ग्राइंडर धातूसाठी वापरा, गार्ड आणि बाजूच्या दांड्यासह. कापायला १ मिमीची चकती, घासायला ६ मिमीची. पातळ चकतीच्या अंगानं घासायचं नाही, ती आडवा जोर सोसत नाही. चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना आणि साल छापलेलं असतं, ती मुदत असते. मुदत संपलेली, पडलेली किंवा भिजलेली चकती फेकून द्या. गॉगल चश्म्यावरूनही घालायचा. आणि ड्रिल वापरताना सुती हातमोजे काढून ठेवा, बिट धागा पकडतो आणि पाठोपाठ बोट ओढतो.

नवी पटाशी धारदार नसते

नवी पटाशी कारखान्यातून घासून येते, धार तुम्हालाच लावायची असते. हे माहीत नसल्यामुळे लोक हातोडीनं ठोकून लाकूड फाडतात आणि सागवानाला नावं ठेवतात. आधी पाठ सपाट करा. जाड काचेवर ३२० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून चिकटवा आणि पाठीचा टोकाकडचा २५-३० मिमी भाग एकसारखा दिसेपर्यंत घासा. मग ६००, १०००, २०००. पुढचा उतार २५ अंशांचा हवा. कोनमापक नसेल तर उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या सुमारे २.४ पट ठेवा: ३ मिमी जाड पात्याला ७ मिमी उतार. उतार घासताना पाठीकडून बोट कडेपर्यंत हलकंच आणा; कडेला सलग खरखर लागली की धातूची बारीक झालर वळली आहे आणि धार शेवटपर्यंत पोचली आहे. त्याआधी बारीक पेपरवर गेलात तर मेहनत वाया. धार आली की कागदाचा कडेला धरलेला तुकडा आवाज न करता कापला जातो.

बेंच ग्राइंडरवर झटपट धार लावायचा मोह टाळा. कड निळी पडली म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तेवढा भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही. वापरायचंच असेल तर दोन सेकंद टेकवा, पाण्यात बुडवा, पुन्हा टेकवा. त्या दगडावर ॲल्युमिनियम कधीच घासू नका, दगड बुजतो आणि तापून फुटू शकतो. नवा दगड बसवण्याआधी टांगून लाकडी दांड्यानं हलकं ठोका. खणखणीत नाद आला तर ठीक, बसका आवाज आला तर तडा आहे.

थोडक्यात, पण तितकंच खरं

मेजर टेपच्या टोकाचा हुक हलतो म्हणून तो ठोकून पक्का करू नका. तो स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो, त्यामुळे आतून आणि बाहेरून दोन्ही मापं बरोबर येतात.

गुण्या घेताना दुकानातच तपासा. सरळ कडेच्या फळीवर रेघ ओढा, गुण्या उलटा फिरवून त्याच बिंदूतून पुन्हा ओढा. दोन रेघांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या निम्मी चूक.

हॅकसॉच्या पात्याचे दाते पुढे तोंड करून बसवा. कापताना निदान तीन दाते धातूवर टेकलेले हवेत. इंचाला २४ दात्यांचं पातं नेहमीच्या कामाला, पातळ पाइपला ३२ चं. १ मिमीचा पत्रा कापायचा तर दोन प्लायच्या तुकड्यांत दाबून कापा, नाहीतर दाते झडतात.

कानस परतीच्या वेळी उचला, ती पुढे जाताना कापते. मूठ न बसवलेली कानस वापरू नका, तिचं शेपूट तळहातात घुसतं. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुन्या कानसी मिळतात. उजेडात तिरकी धरा, दात्यांच्या टोकांवर पांढरी चकाकी दिसली तर ती संपलेली आहे. जुना व्हाइस (काम पकडायचा शिकंजा) घेताना जबडे मिटून उजेडाकडे धरा आणि वेल्डिंगचा डाग शोधा, ओतीव लोखंडाचा सांधा भरवशाचा नसतो.

बॅटरीच्या ड्रिलवर छापलेल्या मोठ्या व्होल्टला भुलू नका. आत पाच सेल असतील तर ती १८ व्होल्टचीच बॅटरी. ती पूर्ण उतरवून कपाटात ठेवू नका, निम्मी भरलेली ठेवा.

गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर मार्बल कटर चालवू नका. वेटोळ्यात वायर तापते आणि वितळते. पूर्ण उलगडा, मार्बल कटरसारख्या जड मशीनला १.५ चौरस मिमीची तीन तारांची केबल घ्या आणि अर्थिंगची तार तोडू नका.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, उघडं पोलाद आठवड्यात तांबूस पडतं. काम संपलं की पटाशी, रंध्याचं पातं आणि गुण्या मशीन ऑइलच्या फडक्यानं पुसा. घामाचा बोटांचा ठसा राहिला तर गंज त्याच आकारात उठतो.

मशीनमधून नेहमीपेक्षा मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या किंवा ते मध्येच थांबू लागलं तर आधी कार्बन ब्रश काढून बघा. ५-६ मिमी उरले असतील तर दोन्ही एकदम बदला. जुना ब्रश दुकानात सोबत न्या, मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी तो खाचेत अडकतो.