शिकागोच्या बाराव्या पोलीस डिस्ट्रिक्टात राहायला आलात? आधी बीट नंबर शोधा

दर ऑगस्टमध्ये यूआयसीला, म्हणजे शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात, शिकायला आलेली चार-पाच मराठी मुलं आमच्याकडे पिठलं-भात खायला येतात. वाढता वाढता मी विचारते, "तुमचा बीट नंबर काय?" मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. एकदा एकजण घाईघाईने म्हणाला, "काकू, मी बीट खात नाही." त्या दिवसापासून जेवण उरकेपर्यंत जे सांगत बसते, ते इथे लिहून ठेवते.

मी कराडची. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि पोलीस ठाण्याची तर बघूही नये, अशा घरातली. ठाण्यात जायचंच झालं तर ओळखीचा कुणीतरी बरोबर न्यायचा. हीच सवय घेऊन २००९ मध्ये टेलर स्ट्रीटला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आले. पाच वर्षं पोलीस म्हणजे खिडकीतून दिसणारा निळा दिवा, एवढाच संबंध. मग एका सकाळी मागच्या लाकडी जिन्याखालची सायकल गेली.

मी घाबरून ९११ लावला. पलीकडच्या बाईने पत्ता विचारला, तर मी घरनंबर आणि टेलर एवढंच सांगितलं. "वेस्ट?" तिने विचारलं. मी गप्प. सायकलचा सिरियल नंबर? माहीत नाही. पावती? नाही. चोर समोर आहे का, कुणाला लागलंय का, हे विचारून तिने शांतपणे ३११, म्हणजे तातडी नसलेल्या कामांचा शहराचा नंबर, लावायला सांगितलं. सायकल परत आली नाही. घरसामानाच्या विम्यात डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण सोसायची रक्कम, सायकलच्या किमतीपेक्षा जास्त निघालं. पण त्या एका सकाळी माझ्या चार चुका मला कळल्या, आणि तुमचं काम तेवढं सोपं झालं.

आधी नंबरांचं समजून घ्या. शिकागो पोलिसांचे २२ डिस्ट्रिक्ट आहेत, पण क्रमांक २५ पर्यंत जातात, कारण १३, २१ आणि २३ हे २०१२ मध्ये बंद होऊन शेजारच्यांत विलीन झाले. तेरावा आपल्या बाराव्यात आला. म्हणून बारावा एवढा ऐसपैस आहे: लिटल इटली, पिल्सेन, ग्रीकटाउन, दवाखान्यांचा सगळा पट्टा, वेस्ट लूप, आणि वर युक्रेनियन व्हिलेजपर्यंत. डिस्ट्रिक्टचे तीन सेक्टर, सेक्टरचे काही बीट. बीट म्हणजे एका गस्तीच्या गाडीचा इलाखा. नंबर चार आकडी असतो. समजा १२३३ असेल, तर १२ डिस्ट्रिक्ट, पुढचा ३ सेक्टर, शेवटचा ३ बीट. पोलीस खात्याच्या संकेतस्थळावर घरचा पत्ता टाकला की तुमचा कळतो. वॉर्ड वेगळा, बरं का. वॉर्ड आल्डरमनचा, म्हणजे नगरसेवकाचा, डिस्ट्रिक्ट पोलिसांचा, आणि दोघांच्या हद्दी जुळत नाहीत. माझ्या ओळखीतली निम्मी माणसं वॉर्ड नंबर सांगून मोकळी होतात.

ठाणं ब्लू आयलंड अ‍ॅव्हेन्यूवर आहे, १४१२ साउथ. हा रस्ता तिरका जातो, त्यामुळे पहिल्यांदा चुकायला होतं. एकदा काही काम नसताना समोरून चालत जाऊन या. दाराचं तोंड कुठे, बस कुठे थांबते, एवढं बघून ठेवलं की गरज पडेल तेव्हा पाय अडखळत नाहीत.

आता पत्ता. फोनवर पत्ता नीट सांगता येणं हे इथलं सगळ्यात उपयोगी कौशल्य आहे, आणि ते कुणी शिकवत नाही. शिकागोचा शून्य स्टेट आणि मॅडिसनच्या चौकात. तिथून पश्चिमेला हॅलस्टेड ८०० वेस्ट, रसीन १२००, अ‍ॅशलँड १६००, वेस्टर्न २४००. पश्चिमेकडे दर ८०० ला एक मैल. दक्षिणेला टेलर १००० साउथ, रूझवेल्ट १२००, आणि १८वा रस्ता अर्थातच १८००. एवढं पाठ असलं की अंधारात, धाप लागलेली असतानाही "टेलर आणि रसीन, वायव्य कोपरा" सांगता येतं. दिशा नसलेला पत्ता इथे अर्धाच समजा. आई-बाबा सहा महिने राहायला आले असतील तर त्यांच्याकडून घोकून घ्या. त्यांना इंग्रजी जमत नसेल तर ९११ ला फक्त "हिंदी" किंवा "मराठी" म्हणायचं आणि फोन ठेवायचा नाही. दुभाष्याला लाइनवर घेतात.

९११ कधी आणि ३११ कधी? गुन्हा चालू आहे, आत्ताच झालाय, करणारा आसपास आहे, कुणाला लागलंय किंवा लागू शकतं, तर ९११. सकाळी उठून पाहिलं तर गाडीची काच फुटलेली, सायकल नाही, दाराशी आलेला पार्सलचा खोका गेला, तर ३११. तिथे फोनवरच तक्रार लिहून घेतात, काही प्रकारच्या तक्रारी ऑनलाइनही होतात, किंवा सरळ ठाण्यात जा. शंका असेल तर ९११च लावा. चुकीचा लावला म्हणून माझ्यावर कुणी ओरडलं नाही.

यूआयसीच्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस आहेत आणि त्यांचं ऑफिस मॅक्सवेल स्ट्रीटच्या जुन्या ठाण्यात आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेली इमारत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जेव्हा हा सगळा परिसर गरीब ज्यू, इटालियन, आयरिश लोकांनी खच्चून भरलेला होता, तेव्हा वर्तमानपत्रं या भागाला 'ब्लडी मॅक्सवेल' म्हणत. आज समोरून मुलं कॉफीचे कप घेऊन जातात. आवारात काही झालं तर हे पोलीस लवकर पोचतात, त्यांचा नंबर फोनमध्ये ठेवाच. पण मोबाइलवरून ९११ लावलात तर तो शहराच्या केंद्रात जातो, त्यामुळे "मी यूआयसीच्या आवारात आहे" हे आधी सांगा.

तक्रार नोंदवली की आरडी नंबर, म्हणजे त्या तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. दोन अक्षरं आणि सहा आकडे. हा नंबर हातात आल्याशिवाय फोन ठेवू नका, ठाण्यातून हलू नका. विमा कंपनीला तोच लागतो. पासपोर्ट हरवला तर भारतीय कॉन्सुलेट नवीन देण्याआधी पोलीस रिपोर्ट मागतं. "एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला" म्हणून पाकीट गेल्याची तक्रार न करणारा मुलगा दोन महिन्यांनी पासपोर्टच्या अर्जापाशी अडकलेला मी पाहिलाय, कारण पासपोर्ट त्याच पिशवीत होता.

व्हिसाची भीती मनात असतेच, म्हणून स्पष्ट लिहिते. शिकागोच्या 'वेलकमिंग सिटी' कायद्याप्रमाणे शहराचे पोलीस तक्रार घेताना तुमचा इमिग्रेशन दर्जा विचारत नाहीत, आणि इलिनॉयचा २०१७ चा ट्रस्ट अ‍ॅक्ट राज्यभर त्याच दिशेचा आहे. पण हे नियम शहराच्या आणि राज्याच्या माणसांना बांधतात, केंद्राच्या अधिकाऱ्यांना नाही. हा फरक डोक्यात ठेवा. गंभीर गुन्ह्यात बळी पडलेल्या आणि तपासात मदत करणाऱ्या माणसासाठी यू व्हिसा असतो. त्याच्या अर्जाला पोलिसांची किंवा तशा एखाद्या यंत्रणेची सही लागते, आणि वर्षाला १०,००० च मिळतात. ते काम वकिलाचं, पण पहिली पायरी नोंदवलेली तक्रार हीच.

आणि घरातलं. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने, आलेल्या मुली मला दबक्या आवाजात विचारतात, "काकू, फोन केला तर ह्यांचा व्हिसा जाईल का, मला परत पाठवतील का?" मारहाण चालू असेल तर आधी ९११, बाकीचे प्रश्न नंतर. नुसतं बोलायचं असेल तर इलिनॉयची घरगुती हिंसाचाराची हेल्पलाइन १-८७७-८६३-६३३८, चोवीस तास. दुभाष्या मागता येतो, नाव सांगावं लागत नाही.

आता माझा आवडीचा भाग, बीट मीटिंग. १९९३ मध्ये शिकागोत पाच डिस्ट्रिक्टांत कॅप्स नावाचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे शहरभर पसरला: गस्तीचे पोलीस आणि त्या बीटचे रहिवासी ठरावीक दिवशी एकत्र बसतात. कुणीही जाऊ शकतं. नागरिक असायची गरज नाही, भाडेकरू चालतो. तारखा डिस्ट्रिक्टच्या कॅप्स ऑफिसकडून मिळतात. मला तिथे जायला सायकल गेल्यानंतर आणखी वर्ष लागलं.

पहिल्या मीटिंगला चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या, मोठ्या भांड्यातली कडू कॉफी आणि पंधरा-सोळा माणसं होती. निम्मं बोलणं स्पॅनिशमध्ये. पोलिसांनी महिन्यातल्या घटनांचा कागद वाचून दाखवला. मग लोक उठून "आमच्या गल्लीत फार वाईट झालंय हो" असं बोलू लागले, पोलीस मान डोलावत होते, कुणी काही लिहून घेत नव्हतं. शेवटी पिल्सेनच्या एक आजी उठल्या. हातात शाळेची वही. अमुक पत्त्याच्या मागच्या बोळातला दिवा कधीपासून बंद, ३११ ला कधी कळवलं, त्यांनी दिलेला विनंती क्रमांक काय, आणि त्या अंधारात किती वाजता कुठल्या रंगाची गाडी येऊन थांबते. सगळं दुभाष्यामार्फत, पाच वाक्यांत. अधिकाऱ्याने पेन काढलं. मीही काढलं.

त्या आजींकडून उचललेली पद्धत अशी: एका वेळी एकच तक्रार, पूर्ण पत्ता, वार आणि वेळ, ३११ चा क्रमांक. "ते लोक" कोण आहेत याबद्दलचे अंदाज घरी ठेवायचे. कपड्यांवरून, रंगावरून माणूस संशयास्पद ठरवणारे मीटिंगला असतातच, आणि आपल्यातलेही असतात. काय घडताना पाहिलं ते सांगा. पुढच्या वेळी जाऊन "त्याचं काय झालं?" एवढंच विचारा. दुसऱ्या खेपेला तुमचा चेहरा ओळखीचा होतो.

वहीवाल्या आजींसारखी माणसं इथे का आहेत, हे मला उशिरा कळलं. पिल्सेन हे नाव चेक लोकांनी आपल्या प्लझेन शहरावरून ठेवलं. १८७७ च्या रेल्वे संपात हॅलस्टेड आणि १६व्या रस्त्यापाशी पोलीस आणि कामगार भिडले, माणसं मेली, त्यात बोहेमियाचे, म्हणजे चेक, कामगार पुष्कळ. नंतर १९६५ मध्ये उघडलेल्या यूआयसीच्या आवारासाठी इटालियन, ग्रीक, मेक्सिकन घरं पाडली गेली आणि बरीच मेक्सिकन कुटुंबं पिल्सेनला सरकली. जेन अ‍ॅडम्सच्या हल हाउसच्या, म्हणजे गरीब स्थलांतरितांसाठीच्या मदतकेंद्राच्या, डझनभर इमारतींतल्या दोनच उरल्या, त्या हॅलस्टेडवर बघता येतात. आपण लेक्चरला बसतो ती जागा कुणाच्या तरी स्वयंपाकघराची आहे. इथली जुनी माणसं सरकारी कागद जपून का ठेवतात, ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

पोलिसांच्या वागणुकीबद्दलच तक्रार असेल तर ती बीट मीटिंगची गोष्ट नाही. त्यासाठी कोपा ही २०१७ पासूनची नागरी यंत्रणा आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. शिवाय प्रत्येक डिस्ट्रिक्टला तीन निवडून आलेल्या सदस्यांची कौन्सिल असते, पहिली निवडणूक फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. तिच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात आणि मतदार नसलात तरी बोलता येतं.

माझ्या फ्रिजवर एक कागद आहे: पूर्ण पत्ता दिशेसकट, जवळचा चौक, बीट नंबर, ठाण्याचा फोन, घरमालकाचा फोन. शेजारी नव्या सायकलचा फोटो. सिरियल नंबर बहुतेक सायकलींना पेडलच्या दांड्याखाली कोरलेला असतो, सायकल उलटी करावी लागते, आणि चिखल पुसल्याशिवाय तो वाचता येत नाही.