बाळंतपणाला बाई ठेवताय? आधी बाळंतिणीकडे बघा

बाळंतपणाला बाई हवीय, असं सांगत आमच्या सोसायटीतलं कुणी ना कुणी अधूनमधून माझ्याकडे येत असतं. मी प्रसूती विभागात सिस्टर होते, आता निवृत्त होऊन डोंबिवलीत असते, तेव्हा लोकांनी मला विचारणं साहजिक आहे. मी त्यांना उलट विचारते, बाई कुणासाठी हवीय? बहुतेक जण म्हणतात, "बाळासाठी."

माझं म्हणणं असं की बाई बाळंतिणीसाठी ठेवायची. बाळाला आई लागते, आईचं दूध लागतं, ऊब लागते. त्या आईला मात्र झोप, गरम जेवण, टाके दुखत असताना उठायला हात आणि "तुझं बरोबर चाललंय" असं म्हणणारं माणूस लागतं. बाईने दिवसभर बाळ मांडीवर घेऊन बसायचं आणि ओल्या बाळंतिणीने उठून स्वतःचं ताट वाढून घ्यायचं, हे मी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत पाहिलंय. अशा घरात पैसे जातात आणि बाळंतीण थकलेलीच राहते.

आधी नेमकं कोण हवंय ते ठरवा, कारण नावं सारखी वाटली तरी कामं वेगळी आहेत. मालिशवाल्या मावशी सकाळी येतात, बाळ-बाळंतिणीची मालिश, आंघोळ, शेक करून तासा-दोन तासांत पुढच्या घरी जातात. जापाबाई बारा तास किंवा चोवीस तास राहते, रात्रीही बघते, बाळंतिणीचं पथ्याचं रांधते. डूला म्हणजे बाळंतपणाच्या आधारासाठी प्रशिक्षण घेतलेली बाई. ती ठरलेल्या दिवशी काही तास येते, पाजायला बसवून दाखवते, आईचं ऐकून घेते, घरातल्यांना कामं वाटून देते. ती मालिश करेलच असं नाही आणि औषधोपचार तर करतच नाही. आपल्याकडे डूला म्हणून काम करायला सरकारी परवाना लागत नाही, तेव्हा तिने कुठे, किती दिवस आणि काय शिकलं हे मोकळेपणाने विचारा. बाळ कमी दिवसांचं असेल, जुळी असतील किंवा बाळ काचेच्या पेटीतून घरी येत असेल, तर नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोकडून नर्स घ्या आणि तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघायला मागा. युनिफॉर्म घातला म्हणून कुणी नर्स होत नाही.

आई किंवा सासूबाई येणार असतील तर मालिशवाल्या मावशी आणि वरकामाला थोडी जास्त मदत एवढ्यावर भागतं. घरात दोघंच असतील आणि नवरा सातच्या लोकलला जाऊन रात्री नऊला येत असेल, तर निदान पहिले तीन आठवडे दिवसभराचं माणूस हवंच. पैसे मोजकेच असतील तर मालिश कमी करा, जेवण आणि रात्रीची मदत कमी करू नका.

शोध सातव्या महिन्यात सुरू करा. चांगल्या बायका तोंडी प्रसिद्धीवर चालतात आणि त्यांचे महिने आधीच भरलेले असतात. प्रसूतीगृहातल्या आयाबाई, बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट यांना विचारा. सगळ्यात खरं उत्तर मिळतं ते जिचं बाळ पाच-सहा महिन्यांचं आहे अशा शेजारणीकडून. "बाई चांगली होती का?" असं विचारलंत तर ती "हो, छान होत्या" म्हणून मोकळी होईल. त्यापेक्षा विचारा: त्या असताना तुला सलग किती झोप मिळायची? तुझं जेवण कोण बघायचं? त्या गेल्यावर बाळाची आंघोळ तुला एकटीला जमली का? आणि तारीख मागेपुढे झाली तेव्हा त्या आल्या का? तारीख मागेपुढे होतेच. बाई ठरवताना दोन आठवडे अलीकडे-पलीकडे धरूनच बोला.

भेटायला बोलवाल तेव्हा जिचं बाळंतपण आहे ती समोर हवी. सासूबाईंनी फोनवर ठरवून टाकलं आणि सुनेने बाईचं तोंड थेट दवाखान्यातून आल्यावर पाहिलं, असं होऊ देऊ नका. जिच्यासमोर तिला उघड्या अंगाने बसायचंय, ती बाई तिला रुचली पाहिजे.

मी या भेटीला बसते तेव्हा आधी बाईचे हात बघते. नखं कापलेली आहेत का, बोटात खड्याची अंगठी आहे का, काचेच्या बांगड्या काढून ठेवायची तयारी आहे का. मग एक दुपटं गुंडाळून तिच्याकडे देते आणि म्हणते, "मावशी, हे बाळ समजा, कसं घ्याल दाखवा." जी आधी उठून हात धुवायला जाते, ती निम्मी पास. मग तिचा तळवा मानेखाली कसा जातो ते बघायचं.

त्यानंतर प्रसंग विचारा. "रात्री दोन वाजलेत, आत्ताच पाजलंय, तरी बाळ रडतंय. काय कराल?" लंगोट बघेन, ढेकर काढेन, आईच्या अंगाशी देईन, परत पितंय का बघेन, असं उत्तर आलं तर उत्तम. "गुटी देते, गप झोपतं" किंवा "दूध कमी असणार, वरचं चालू करा" असं आलं तर नमस्कार करून चहा पाजा आणि दुसरी बाई शोधा. "बाळाचं अंग गरम लागलं तर?" याचं उत्तर "आधी तुम्हाला उठवेन" एवढंच हवं. घरगुती औषधांची यादी नको.

तब्येतीचंही विचारायला संकोच करू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी टीबीची तपासणी, मग काम. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, तुम्ही स्वतः सोबत जा. ओळखपत्राची प्रत घ्या, पोलिसांकडे नोंद करा आणि हे सगळ्यांसाठी करतो असं सांगून करा, म्हणजे तिला ते अपमानाचं वाटत नाही.

आता मालिशीबद्दल थोडं सविस्तर, कारण वॉर्डात परत आलेली बरीच बाळं मी त्यापायी पाहिली आहेत. पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर बाळ घेऊन हलक्या हाताने तेल लावणं चांगलंच आहे, बाळं त्याने शांत होतात. पण काही गोष्टी परंपरेच्या नावाखाली चालतात त्या पहिल्याच दिवशी थांबवायच्या. नवजात बाळाची छाती कधीकधी थोडी सुजलेली असते, मुलगा असो वा मुलगी, त्यातून दुधासारखा थेंबही येतो. आईच्या हार्मोनमुळे ते होतं आणि काही आठवड्यांत आपोआप बसतं. ती पिळली की आत पू होऊ शकतो. मुलाच्या शूच्या जागेची कातडी मागे ओढायची नाही. नाकात-कानात तेल घालायचं नाही, नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकतं. डोळ्यांत काजळ नको. बाळाला पायाला धरून उलटं करणं नको. नाळेला तेल, हळद, राख काही नको, कोरडी ठेवली की साधारण एक-दोन आठवड्यांत गळून पडते. पाणी कोपर बुडवून बघायचं आणि तोंडावर ओतायचं नाही.

धुरीबद्दल मी फार कडक आहे. ओवा, बाळंतशोपा टाकून निखाऱ्यांवर धुरी देतात, खिडक्या लावून घेतात. पूर्वी ते मोठ्या घरात, उघड्या पडवीच्या आधाराने होत असे. आजच्या दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये कोळशाचा विषारी वायू साचतो, त्याला वासही नसतो. बाळंतिणीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या.

सिझर झालं असेल तर डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत पोटाला हात लावू द्यायचा नाही. ही तपासणी साधारण सहा आठवड्यांनी होते. पाठ, पाय, खांदे मात्र हलके चोळायला डॉक्टरांना विचारून हरकत नाही.

आणि बाळगुटी, मध, पाणी. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नाही, त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. सहाणेवर मायेने उगाळलेलं असलं तरी नाहीच.

हे सगळं बाईला सांगायचं कसं? "तुम्हाला काही कळत नाही" असा सूर लागला की काम बिघडलं. अनुभवी बाईचा मान ठेवून डॉक्टरांचं नाव पुढे करा: "मावशी, तुमचा हात चांगला आहे, पण आमच्या डॉक्टरांनी छाती पिळायला सक्त मनाई केलीय. मला त्यांना उत्तर द्यावं लागेल." मी हे वाक्य कित्येक मुलींना पाठ करून दिलंय. सासूबाईंनाही तेच लागू पडतं. आणि बाईला सूचना देणारं घरात एकच माणूस ठेवा, शक्यतो नवरा. आजी एक सांगणार, आत्या दुसरं, मग ती बिचारी सोयीचं तेच ऐकते.

एका कागदावर लिहून काढा. येण्याजाण्याची वेळ, कामं, सुटी, पगार, पगाराची तारीख. कामांत बाळंतिणीचं जेवण, तिचे आणि बाळाचे कपडे, मालिश, रात्री बाळ आईकडे आणून देणं हे असू द्या. घरच्या सगळ्यांचा स्वयंपाक आणि पाहुण्यांचा चहा त्यात नाही, हेही लिहा. पाचवीला आणि बारशाला नेमकी हीच गडबड होते: बाई ओट्याशी आणि बाळंतीण दारात लोकांना "या, बसा" करतेय. एजन्सीमार्फत घेत असाल तर कमिशन किती, बाई मध्येच गेली तर बदली किती दिवसांत आणि त्याचे पैसे परत लागतात का, हे लेखी घ्या. आगाऊ पूर्ण महिन्याचे पैसे देऊ नका. बाळाचे फोटो बाईने स्टेटसला ठेवायचे नाहीत, हेही आधीच सांगून टाका.

चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी राहणारी नव्हे, हे मी फार कळकळीने सांगते. तिलाही दिवसातून सहा-सात तास झोप हवी, झोपायला स्वयंपाकघराची फरशी नव्हे तर गादी हवी, वेळेवर ताट हवं, आठवड्याची सुटी हवी. झोप न झालेल्या हातात बाळ देणं धोक्याचं आहे, आणि तसंही तीसुद्धा कुणाची तरी आई आहे. महाराष्ट्रात 2008 पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. तिची नोंदणी झालेली नसेल तर अर्ज भरायला मदत करा.

पहिले तीन-चार दिवस घरातल्या कुणीतरी लक्ष ठेवायचं. उशाशी एक वही ठेवा: पाजलं केव्हा, शी-शू किती वेळा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून 24 तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि दोन आठवड्यांत वजन जन्माच्या वजनावर आलं असेल, तर दूध पुरतंय, कुणी काहीही म्हणो. बाळ पाठीवर, सपाट गादीवर झोपवायचं, डोक्याखाली मोहरीची उशी नको.

बाईला आणि घरच्यांना ही लक्षणं तोंडपाठ हवीत. बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, पिणं सोडणं, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं. आईचं तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, घाण वास, ताप, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, एका पोटरीत सूज आणि दुखणं. यात वाट बघायची नाही, थेट दवाखाना, गाडी नसेल तर 108. बाळंतपण गावी असेल तर आशाताईंशी आधीच ओळख करून ठेवा. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 42 दिवसांत त्या सहा वेळा घरी येऊन बाळाला बघतात, आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

मनाचंही बघा. पहिल्या दहा-बारा दिवसांत उगाच रडू येणं पुष्कळजणींना होतं. पण दोन आठवड्यांनंतरही ती रडतेय, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. चांगली बाई हे घरच्यांच्या आधी ओळखते, म्हणून तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, "असं काही दिसलं तर मला बाजूला घेऊन सांगा." मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याची किंवा बाळाला इजा करण्याची भाषा आली तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सव्वा महिना संपत आला की शेवटच्या आठवड्यात कामं उलटी करा. आईने आंघोळ घालायची, मावशींनी शेजारी बसून बघायचं. बाबानेही एकदा लंगोट, ढेकर, आंघोळ सगळं करून घ्यायचं. निघायच्या दिवशी हिशोब त्याच दिवशी चुकता करा. साडी द्यायची असेल तर पगाराच्या वर द्या, पगारात धरून नाही. आणि दुसऱ्या कुणाला तिचा नंबर द्यायचा असेल तर आधी तिला विचारा, कुठला महिना मोकळा आहे तेही लिहून घ्या.