घाटात इंजिन तापतंय का? काट्यावर विसंबू नका

टर्बोची गाडी घेऊन साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटाने कासकडे चढताना डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याला फार भुलू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर थोपवलेला असतो; हलतो तोवर उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखाली, गुडघ्यापाशी १६ पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायची जागा, असते. त्यात रीडर (ती माहिती मोबाईलला पाठवणारा छोटा डबा) खोचला की कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, खरे अंश मोबाईलवर दिसतात. साधारण ९० ते १०५ असेल तर निवांत चढा.

आयफोन असेल तर रीडर वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचाच घ्या. जुन्या ब्लूटूथचा मी घेऊन बसलो, तो आता भावाच्या अँड्रॉइडवर चालतो! अगदी स्वस्तातले नकली रीडर आकडे रेंगाळत दाखवतात, बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, बघायला ते बिनकामाचे.

इग्निशन बंद करून रीडर सरळ दाबा. क्लच मारताना पायाला लागत असेल तर छोटी एक्स्टेंशन केबल लावून तो वर बांधा. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला चावी काढल्यावरही करंट असतो, त्यामुळे गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर रीडर काढूनच ठेवा. आणि वळणांवर मोबाईल शेजारच्याच्या हातात.