व्हिसा लागत नसला तरी परवानगी लागते : परदेशी निघण्याआधी या चुका टाळा

आत्या आणि काका वाशीहून निघाले, मी ठाण्याहून परस्पर मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला पोचले. नैरोबीची फ्लाइट पहाटेची होती. दोघांनी बाहेरूनच माझा निरोप घेतला, बॅगा ढकलत आत गेले. पाऊण तासाने आत्याचा फोन आला, "अगं, नंबर जुळत नाही म्हणतायत. आम्हाला बोर्डिंग पास देत नाहीयेत."

केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद करून बहुतेक परदेशी प्रवाशांसाठी ऑनलाइन परवानगी सुरू केली, तिला ई-टीए म्हणतात. आत्याकडे ती होती. मंजूर झालेली, प्रिंट काढलेली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट घातलेली. फक्त तिच्यावर नंबर होता तो जुन्या पासपोर्टचा. पुण्याच्या भावाने फॉर्म भरताना फॅमिली ग्रुपवर पडलेला पासपोर्टचा फोटो वापरला होता आणि तो फोटो होता नूतनीकरणाआधीचा. जुन्या पासपोर्टची मुदत संपायला अजून दहा महिने बाकी होते, म्हणून फॉर्मनेही काही तक्रार केली नाही. नवं पुस्तक आणि कोपरा कापलेलं जुनं पुस्तक दोन्ही एकाच रबरबँडमध्ये आत्याच्या पर्समध्ये होती. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही उघडून शेजारी ठेवली तेव्हा कुठे गफलत लक्षात आली.

दोघं परत वाशीला आले. अर्ज नव्याने भरला, फी पुन्हा भरली, मंजुरी तिसऱ्या दिवशी आली. तोवर त्यांची टूर मसाई मारात पोचली होती. काका त्या सहलीसाठी दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होते. त्या रात्रीपासून पाचपाखाडीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर कुणी परदेशी निघालं की मी त्यांचे कागद स्वतः तपासते. त्यातून वारंवार दिसलेल्या चुका इथे लिहिते आहे.

"व्हिसा फ्री" म्हणजे "काहीच नको" असं नाही

सगळ्याचं मूळ इथे आहे. आपण ऐकतो की अमुक देशाला भारतीयांना व्हिसा लागत नाही, आणि तिकीट, हॉटेल, ठेपले, भाकरवडी एवढ्यावर तयारी संपते. प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची सरमिसळ करू नये.

पहिली म्हणजे आगाऊ परवानगी, ई-टीए. तुम्ही अर्ज करता, तो देश तपासतो आणि मंजूर किंवा नामंजूर करतो. बहुतेक ठिकाणी मंजुरीशिवाय विमानात बसता येत नाही. ही पद्धत सर्वांत आधी ऑस्ट्रेलियाने 1996 मध्ये आणली. श्रीलंकेची 2012 पासून आहे, केनियाचं वर सांगितलंच.

दुसरी म्हणजे अरायव्हल कार्ड. पूर्वी विमानात पेनाने भरायचो तो कागद आता मोबाइलवर आला आहे. थायलंडचं टीडीएसी 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे, मलेशियाचं एमडीएसी त्याच्याही आधीपासून. फिलिपिन्सचं ई-ट्रॅव्हल असंच आहे. यांना फी नाही. यात मंजुरी वगैरे भानगड नसते, पण भरलेलं नसेल तर खोळंबा होतो.

याची उलटी चूकही बघितली आहे. घोडबंदर रोडवरच्या एका काकूंनी लंडनला लेकीकडे जाताना यूट्यूब बघून ब्रिटनचा ईटीए भरायला घेतला होता. ब्रिटनचा ईटीए, अमेरिकेचं एस्टा, युरोपचं एटियास ही सगळी ज्यांना तिथे व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी आहेत. आपल्या पासपोर्टवर तिकडे पूर्ण व्हिसाच लागतो. मात्र तुमच्या घरात परदेशी पासपोर्टवाली नातवंडं असतील तर हिशेब बदलतो. अमेरिकेत जन्मलेला नातू तुमच्याबरोबर लंडनला उतरणार असेल तर तुम्हाला व्हिसा हवा आणि त्याला ईटीए हवा. ब्रिटिश पासपोर्टवाली नात कॅनडाला जाणार असेल तर तिला कॅनडाचा ई-टीए हवा. एकाच कुटुंबाच्या एकाच तिकिटावर तीन वेगळे नियम लागू शकतात. म्हणून माणसागणिक यादी करा, कुटुंबाची एकत्र करू नका. तान्ह्या बाळालासुद्धा स्वतंत्र अर्ज लागतो.

नाव आणि नंबर : इथेच बहुतेक घोळ होतात

आपल्या मराठी नावांची रचना आणि परदेशी फॉर्मचे रकाने यांचं जमत नाही. पासपोर्टवर दोनच रकाने असतात, आडनाव आणि "गिव्हन नेम". त्या दुसऱ्या रकान्यात आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, जसं "सुनीता प्रकाश". फॉर्मवर मात्र फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन रकाने दिसतात आणि माणूस सवयीने प्रकाशला मधल्या घरात टाकतो किंवा गाळूनच टाकतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाशी बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्या बघा. यंत्र त्याच ओळी वाचतं. आडनाव, मग दोन बाण, मग उरलेलं सगळं नाव. फॉर्मही तसाच भरा: आडनाव आडनावात, बाकी सगळं फर्स्ट नेममध्ये, आणि मधला रकाना ऐच्छिक असेल तर रिकामा.

काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि पूर्ण नाव "गिव्हन नेम"मध्ये असतं. अशा वेळी काय करायचं हे प्रत्येक देशाच्या फॉर्मच्या सूचनांत दिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय अंदाजाने भरू नका. खरं तर पुढे प्रवास करायचा असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करून नाव आणि आडनाव वेगळं करून घेतलेलं बरं. लग्नानंतर पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचं, हेही अजून घडतं. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे.

नंबरचं सांगते. माझ्या हाताखालून गेलेल्या पासपोर्टांवर आधी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे होते. आकड्यांमधला शून्य कुणी "ओ" म्हणून टाइप करतं, कुणी शेवटच्या पानावरचा फाइल नंबरच लिहितं. तपासायची माझी पद्धत अशी: एकाने पासपोर्टवर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर जुळवायचं. ज्याने फॉर्म भरला त्याने स्वतः तपासायचं नाही, त्याला त्याची चूक दिसत नाही.

जन्मतारखेत महिना आधी की दिवस आधी ते बघा. 5 ऑगस्टची 8 मे सहज होते. राष्ट्रीयत्व निवडताना यादीत "ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी" असाही पर्याय असतो. "इंडियन" टाइप केलं की कधी तोच वर येतो आणि घाईत बोट त्याच्यावर पडतं. आमच्या कट्ट्यावर दोनदा झालंय.

आणि पासपोर्ट नवा झाला की जुन्यावरची परवानगी बाद. तिची मुदत कितीही शिल्लक असो, ती त्या माणसाची नसते, त्या पुस्तकाची असते.

गुगलवरची पहिली वेबसाइट उघडू नका

हे मी कळकळीने सांगते, कारण यात पैसे जातात ते साध्या माणसांचे. देशाचं नाव आणि "ई-टीए" टाकून शोधलं की सर्वांत वर जाहिराती येतात. झेंडा, राजमुद्रा, निळं-पांढरं रूप, सगळं सरकारी वाटतं. आमच्या शेजारच्या आजोबांनी अशाच एका साइटवर थायलंडच्या कार्डासाठी नवराबायकोचे मिळून साडेआठ हजार रुपये भरले. ते कार्ड फुकट आहे.

पत्ता शेवटाकडून वाचायला शिका. थायलंडची सरकारी साइट डॉट जीओ डॉट टीएच वर संपते, मलेशियाची डॉट जीओव्ही डॉट एमवाय वर, केनियाची डॉट जीओ डॉट केई वर, श्रीलंकेची डॉट जीओव्ही डॉट एलके वर. मधे "ऑफिशियल" किंवा "इमिग्रेशन" असे शब्द कितीही असले तरी शेवट डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग असेल तर ती कुणाची तरी खासगी दुकानदारी आहे.

जुन्या व्हिडिओंवरही विसंबू नका. श्रीलंकेचंच बघा. 2024 च्या एप्रिलमध्ये त्यांनी अर्जाचं काम वेगळ्या वेबसाइटवर नेलं, ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं आणि सप्टेंबरअखेर जुनी साइट पुन्हा सुरू झाली. मधल्या काळातले व्हिडिओ आजही यूट्यूबवर आहेत. फी माफ आहे की नाही हेही तो देश अधूनमधून बदलतो. निघायच्या आठवड्यात सरकारी साइटवर स्वतः बघा.

तारखांचा घोळ

थायलंड आणि मलेशियाचं कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. महिनाभर आधी भरायला गेलात तर साइट तारीख घेत नाही, आणि "आम्ही आत्ताच भरून देतो" म्हणणारा दलाल त्यासाठीच पैसे मागतो. ई-टीएचं उलट आहे, तो लवकर भरायचा. केनियासाठी किमान तीन दिवस आधी सांगतात; मी दोन आठवडे धरते, कारण चूक निघाली तर पुन्हा भरायला वेळ हवा.

पोचण्याची तारीख ही वेगळीच अडचण. मुंबईहून बँकॉकची विमानं पुष्कळदा रात्रीची असतात. शुक्रवारी रात्री पावणेबाराला निघालात तर उतरता शनिवारी सकाळी. त्यात तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. फॉर्मवर शनिवार लिहायचा. आणि रात्री साडेबाराची फ्लाइट असेल तर तारीख आधीच बदललेली असते. शनिवारी 00:30 म्हणजे शुक्रवारी रात्रीच घर सोडायचं. हे लिहिताना मूर्खासारखं वाटतं, पण एक कुटुंब चोवीस तास उशिरा विमानतळावर पोचलेलं मी ओळखते.

तिकिटावरचा विमानतळही वाचा. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत, त्याचा कोड एनएमआय. मुंबईच्या सहार विमानतळाचा बीओएम. नवी मुंबईतल्या खारघरच्या माणसाला आपोआप जवळचा विमानतळ डोळ्यांसमोर येतो, तिकीट मात्र सहारचं असू शकतं.

फोटो, पेमेंट, ईमेल

पासपोर्टचा फोटो ट्यूबलाइटखाली फ्लॅश मारून काढू नका, लॅमिनेशन चमकतं आणि तळाच्या दोन ओळी पांढऱ्या होतात. सकाळी खिडकीजवळ, ओट्यावर सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा काढा. आयफोनचा फोटो पुष्कळदा एचईआयसी प्रकारात सेव्ह होतो आणि अपलोड होत नाही. तो जेपीजीमध्ये बदलून घ्या.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का बघा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर नवीन कार्डांवर ते मुळात बंदच असतात. पान अडकलं म्हणून लगेच पुन्हा "पे" दाबू नका. पैसे कापल्याचा मेसेज आला का बघा, अर्जाचा क्रमांक टाकून स्थिती बघा, मगच दुसरा प्रयत्न.

ईमेल स्वतःचा द्या. एजंटचा दिला की मंजुरी त्याच्याकडे जाते आणि रविवारी त्याचा फोन बंद असतो. दोन दिवसांत काही आलं नाही तर स्पॅम फोल्डर उघडा. मंजुरीची प्रिंट काढाच, ज्येष्ठांनी तर दोन प्रती.

केनियाला जाणाऱ्यांसाठी वेगळं

ई-टीए हातात आला तरी यलो फीवरची लस राहते. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं, पुढे ते आयुष्यभर चालतं. ती ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते आणि तिथे आधी नंबर लावावा लागतो. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारायलाच हवं.

चूक सापडली तर

घरी सापडली तर घाबरू नका. थायलंडच्या कार्डात हॉटेल, फ्लाइट यांसारखी माहिती पोचेपर्यंत बदलता येते. नाव किंवा पासपोर्ट नंबर चुकला असेल तर नवीन कार्ड भरायचं, ते फुकटच आहे. ई-टीएमध्ये नंबर चुकला असेल तर दुरुस्तीसाठी ईमेल पाठवून वाट बघत बसण्यापेक्षा नवा अर्ज करा. थोडे पैसे जातील, प्रवास वाचेल.

काउंटरवर सापडली तर तिथल्या माणसाशी वाद घालू नका. अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर दंड एअरलाइनला होतो आणि परत आणायची जबाबदारीही तिचीच, म्हणून ते समोरच्या प्रणालीत जे दिसतं तेवढंच मानतात. बाजूला या. अरायव्हल कार्ड असेल तर मोबाइलवर तिथेच पंधरा मिनिटांत भरून होतं. ई-टीए असेल तर नवा अर्ज लगेच टाका, पण त्याच वेळी एअरलाइनला तिकीट पुढच्या तारखेला बदलायला सांगा. विमान सुटायच्या आधी बदललं तर बहुतेक वेळा कमी नुकसान होतं. आमच्या आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती रिक्षाने वाशीला पोचेपर्यंत विमान उडालं होतं आणि तिकिटाचे पूर्ण पैसे गेले.